दुसऱ्या रॅकेटवरची टेप

मी खरं बोलणारा माणूस आहे, असं आमच्या सोसायटीत सगळ्यांना वाटतं. गेल्या महिन्यात मला बिनविरोध चेअरमन केलं, तेही याच कारणावरून. पार्किंगवरून दोघं भांडले की "काकांना विचारा, ते खोटं बोलायचे नाहीत" असं म्हणतात आणि दोघंही माझ्या तोंडाकडे बघत उभे राहतात. मला त्या दोघांपेक्षा स्वतःचाच वैताग येतो. कारण ज्या एका प्रसंगावर ही सगळी कीर्ती उभी आहे, त्या प्रसंगात मी खोटं बोललो होतो. हे आईला सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही. तुम्ही पहिले.

थांबा, आधी मी कोण ते सांगतो. मी गटिंग करतो. म्हणजे रॅकेटमध्ये तारा ओवायच्या, ताणायच्या, गाठ मारायची. उल्हासनगर कॅम्प पाचला दुकान आहे — एका बाजूला जीन्स शिवणारे, दुसऱ्या बाजूला परसूभाईंचं बटणं आणि झिपांचं दुकान. वडील अंबरनाथला एका कारखान्यात अधिकारी होते. कॉलनीत क्लब होता, क्लबात लाल मातीचं एक टेनिस कोर्ट होतं. साहेब लोक संध्याकाळी पांढऱ्या चड्ड्या घालून खेळायचे आणि तार तुटली की रॅकेट मुंबईला पाठवून आठ-आठ दिवस वाट बघायचे. मी ते काम शिकून घेतलं. पुढे कारखाना बंद पडला, कॉलनी गेली, कोर्टावर गवत वाढलं. माझं काम तेवढं राहिलं. आता बहुतेक रॅकेटी बॅडमिंटनच्या येतात, टेनिसच्या महिन्याला चार-पाच.

पण हे सगळं तुम्हाला कशाला हवंय? वळसा घालायची सवय लागली आहे, दुसरं काही नाही. इतकी वर्षं घातलाय, अजून दोन मिनिटं घालीन.

तर वांगणीच्या अलीकडे एका बिल्डरने मोठं कॉम्प्लेक्स काढलं होतं. फ्लॅट खपेनात. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, की इथे इंटरनॅशनल टेनिस स्पर्धा भरवायची. आणि खरंच भरवली. कापणी झालेल्या भातशेतांच्या मधोमध चार निळी कोर्टं, शेजारी सॅम्पल फ्लॅट. स्पर्धा अगदी खालच्या पायरीची, पण नियमातली — जिंकलं तर जागतिक क्रमवारीचा पॉइंट मिळणारी. प्रेक्षकांतले निम्मे लोक फ्लॅट बघायला आलेले. खेळाडू सर्व्हिस करायला चेंडू वर टाकतोय आणि मागून आवाज येतोय, "मास्टर बेडरूमला बाल्कनी आहे का हो?" या स्पर्धेचा अधिकृत गटिंगवाला मी होतो. गळ्यात ओळखपत्र होतं, त्यावर माझा फोटो होता. ते कार्ड मी घरी आल्यावरसुद्धा काढत नव्हतो, एवढं सांगितलं की माझी तेव्हाची हवा तुमच्या लक्षात येईल.

तिथे तो भेटला. त्याच्या देशाचं नाव मी लिहिणार नाही. देश एवढा लहान, की देशाचं नाव लिहिलं म्हणजे माणसाचंच नाव लिहिल्यासारखं होईल. समुद्रातली बेटं आहेत काही. नकाशावर बोट ठेवलं की बोटाखाली सगळा देश झाकतो. त्यांच्याकडे टेनिसचं कोर्ट एकच — सिमेंटचं, पोलिस चौकीच्या मागे. चौकीतल्या कुणाच्या घरी लग्न असलं की मांडव कोर्टात, आणि खेळ आठवडाभर बंद. अशा ठिकाणाहून हा सहा फुटी मुलगा दोन वर्षं एकटा जगभर फिरत होता. कोच नाही, सोबत कुणी नाही. कपडे स्वतः धुवायचा, पायाला पट्ट्या स्वतः बांधायचा. मुख्य स्पर्धेच्या पहिल्या फेरीत अकरा वेळा हरला होता. एकदा, फक्त एकदा जिंकला असता, तर पॉइंट मिळाला असता. त्याच्या देशातल्या कुणालाही तोपर्यंत तो मिळालेला नव्हता. वडिलांना त्याने शब्द दिला होता, की या मोसमात एक पॉइंट आणीन, नाहीतर घरी परत येऊन होडीवर लागेन. वांगणी ही त्याची मोसमातली शेवटची स्पर्धा होती.

राहायला स्वस्त जागा शोधत होता. मी त्याला पालेगावला आमच्या घरी आणलं. आम्ही नुकतेच तिथे राहायला गेलो होतो, सातवा मजला, गॅलरीतून अजून थोडी शेतं दिसायची. त्याचं नाव आईला काही केल्या उच्चारता येईना. पहिली दोन अक्षरं ऐकून तिने सरळ त्याचा तात्या केला. चोवीस वर्षांचा, दाराला डोकं आपटणारा तात्या. तो मला दादा म्हणायला लागला. आईच्या हातची भाकरी त्याला फार आवडायची. "मनू, तुझ्या सगळ्या मित्रांत हाच एक ताट स्वच्छ करतो बघ," असं आई मला ऐकवायची.

दोन पात्रता फेऱ्या तो जिंकला. मुख्य स्पर्धेत आला. आता एक सामना.

आणि आता मला ते दुपारचं सांगायला हवं.

सामन्याच्या आदल्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास त्याच्या दोन रॅकेटी घेऊन मी दुकानात आलो. कोर्टावरचं मशीन साधं होतं, चांगलं मशीन दुकानात. त्याच्याकडे रॅकेटी एकूण तीन. तिसरीत जुन्या, सैल तारा होत्या. या दोन त्याने माझ्या हातात अशा दिल्या, की जणू पोरगी सासरी पाठवतोय.

परसूभाई चहा घेऊन आले होते. मी त्यांना सांगत होतो — काय काय सांगत होतो. की परदेशी खेळाडू माझ्याशिवाय कुणाच्या हातात रॅकेट देत नाही. की बावीस वर्षांत माझ्या हातून एक फ्रेम गेलेली नाही. मशीनला सहा आधार असतात. ते फ्रेमला सगळ्या बाजूंनी धरून ठेवतात, कारण उभ्या तारा ताणल्या की फ्रेम चेपायला बघते. आधीची रॅकेट एका शाळेतल्या मुलीची होती, आकाराने लहान. त्यानंतर आधार नव्याने लावून घट्ट करायचे असतात. शिकाऊ पोरगाही हे विसरत नाही. मी बोलण्याच्या नादात बाजूचे दोन आधार तसेच ठेवले. सहावी तार ताणली आणि टक् असा आवाज आला.

"क्या टूटा, भाऊ?" परसूभाईंनी विचारलं.

"काही नाही. तार सरकली."

"नहीं नहीं, कुछ टूटा. मैंने सुना ना."

"अहो तार सरकली म्हटलं ना."

हे पहिलं खोटं. परसूभाई गेल्यावर मी रॅकेट उजेडात धरली. वरच्या उजव्या बाजूला, रंगाखाली, केसाएवढी चीर. नखाने चाचपली. नख अडलं.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय? फ्रेम जाते कधीकधी. खरंच काय होतं त्यात? त्याच वेळी त्याला फोन करून सांगितलं असतं, "तात्या, माझ्या हातून एक गेली रे" — तर तो हसला असता. दुसरी रॅकेट धडधाकट होती. तिसरीचं गटिंग तासाभरात करून दिलं असतं. तसलीच रॅकेट वापरणारा एक दिल्लीचा मुलगा स्पर्धेत होता, त्याने आनंदाने एक उसनी दिली असती. माझं काय गेलं असतं? काहीच नाही. बावीस वर्षांत एकही नाही, या वाक्यातला आकडा गेला असता. एवढ्यासाठी. अजूनही मला कळत नाही, की एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस एवढं कसं करतो. आणि करणारा मीच आहे, तरी कळत नाही.

मी आधार नीट लावले, उरलेल्या तारा पूर्ण केल्या, दुसरी रॅकेटही ताणून घेतली. मग काळी टेप काढली. फ्रेम जमिनीला घासू नये म्हणून वरच्या कडेला अशी टेप लावतात, त्यात वेगळं काही नाही. चीर झाकेल एवढी पट्टी त्या रॅकेटला लावली. लांबून बघितली. मग वाटलं, एकीलाच टेप दिसली तर तो विचारेल. म्हणून दुसऱ्या, चांगल्या रॅकेटलाही तेवढीच, त्याच जागी टेप लावली.

ही दुसरी टेप मला सगळ्यांत जास्त छळते. फ्रेम मोडली ती चुकून. पहिली टेप घाबरून लावली असं म्हणता येईल. दुसरी मात्र मी मोजून, कापून, नीट दाबून लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरवरून निघालो. तो मागे, पाठीवर रॅकेटींची बॅग. पालेगाव ते वांगणी, चांगला पाऊण तास. बदलापूरला चहाला थांबलो. तिथे त्याने बॅगेतून दोन्ही रॅकेटी काढल्या, तळहाताने तारांवर थापट्या मारून बघितल्या आणि त्यातली एक वर धरली. त्याच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला, दादा, आज हिच्याने खेळतो, हिचा आवाज गोड आहे. तीच होती. मी म्हणालो, "गुड, गुड." चहाच्या ग्लासात बघून म्हणालो. सांगायला आणखी किती चांगली वेळ हवी होती मला? मुहूर्त काढायचा होता का?

सामना मी कोर्टाच्या कडेलाच बसून बघितला. तात्याची एक सवय होती — प्रत्येक पॉइंट झाला की रॅकेटची कड बुटाच्या तळव्यावर दोनदा हलकी टेकवायची. टक, टक. त्यांच्या त्या सिमेंटच्या कोर्टावर वाळू उडून यायची, बुटांत अडकायची, ती झाडायची लहानपणापासूनची सवय. इथे वाळू नव्हती, सवय होती. प्रत्येक टक-टकीला मी त्या टेपकडे बघायचो. पहिला सेट तो हरला. हरल्यावर वैतागून त्याने एक चेंडू कुंपणापलीकडे भिरकावला. पलीकडे वालाच्या शेतात काम करणारी बाई ओरडली, "ओ, तुमचा बॉल आला बग आमचे शेतान!" लोक हसले, तात्याही हसला, पण अंपायरने त्याला ताकीद दिली. नियम असा, की पहिल्या गैरवागणुकीला ताकीद, दुसऱ्या वेळी थेट पॉइंट समोरच्याला.

दुसरा सेट तात्याने घेतला. तिसऱ्यात पाच-पाच झाले, मग पाच-सहा. सर्व्हिस तात्याची. तीस-तीसवर एक लांबलचक रॅली झाली, फ्लॅट बघायला आलेलेसुद्धा गप्प झाले. शेवटी त्याचा चेंडू जाळीत गेला. तीस-चाळीस. म्हणजे हा पुढचा पॉइंट गेला की सामना संपला. वाचवला की बरोबरी, आणि दम तर समोरच्यालाच जास्त लागला होता. तात्याने श्वास घेतला, पाय उचलला, रॅकेट बुटाला टेकवली. टक. दुसऱ्यांदा टेकवली आणि फ्रेम मोडली. वरचा भाग आत दुमडला, कागदाच्या होडीसारखा.

अंपायरला वरून एवढंच दिसलं, की पॉइंट हरल्यावर खेळाडूने रॅकेट खाली नेली, आवाज झाला आणि रॅकेट मोडली. त्याने लगेच जाहीर केलं. रॅकेट आपटली, दुसरा गुन्हा, पॉइंट दंड. पॉइंट दंड म्हणजे गेम, सेट, सामना, सगळंच.

तात्या चिडला नाही. गोंधळला. मी आपटली नाही म्हणाला, नुसती टेकवली. रेफरींना बोलवा म्हणाला. रेफरी आले — शांत, चष्मेवाले गृहस्थ. तात्याने त्यांना मोडकी रॅकेट दाखवली आणि म्हणाला, हिला आधीच काहीतरी झालं असणार. मग माझ्याकडे हात केला. "आस्क दादा," म्हणाला. "ही विल नो." माझ्यावर आरोप करत नव्हता तो, हे नीट लक्षात घ्या. घरचं माणूस समोर आहे, ते आपल्या बाजूने खरं सांगेल, अशा भरवशाने तो मला बोलावत होता.

अशा वेळी गटिंगवाल्याला विचारावं, असं कुठल्या नियमात नसेल. पण स्पर्धा एवढीशी, रेफरी भले. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, काल तुम्ही काम केलंत तेव्हा फ्रेम कशी होती?

मी म्हणालो, "परफेक्ट होती, सर."

त्यांनी टेपवर अंगठा ठेवला. मग ही कशाला?

"घासू नये म्हणून. दुसरीवर पण आहे, बघा." आणि मी स्वतः त्याच्या बॅगेतून दुसरी रॅकेट काढून त्यांना दाखवली. त्याच जागी, तेवढीच टेप. रेफरींनी मान हलवली. निर्णय कायम.

तात्या माझ्याकडे बघत होता. त्याने मला खोटं ठरवलं असतं, शिवी दिली असती, तर मी आज कदाचित बरा असतो. पण त्याच्या चेहऱ्यावर संशय आलाच नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, मग मोडक्या रॅकेटकडे, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. हात उलटासुलटा करून बघितला. आणि हळूच म्हणाला, "ओके. दादा सेज परफेक्ट." जाळीपाशी जाऊन समोरच्याशी हात मिळवला, अंपायरशी मिळवला, आणि मग — मला हे लिहवत नाही, पण लिहितो — माझ्याशी मिळवला.

संध्याकाळी घरी जेवताना त्याने माझी माफी मागितली. म्हणाला, मी सगळ्यांसमोर माझी चूक तुझ्या कामावर ढकलायला निघालो होतो. मला कळलंच नाही मी किती जोरात आपटली ते, राग असा असतो वाटतं, आपल्याला कळत नाही. आईने विचारलं, काय म्हणतोय? मी तिला सांगितलं. सगळं नाही, मला सोयीचं तेवढं. आईने त्याच्या पानात आणखी एक भाकरी वाढली आणि कपाळावर बोट आपटत म्हणाली, "राग वाईट रे, तात्या. राग. कळलं का? राग." त्याने तो शब्द दोन-तीनदा म्हणून बघितला. मग वहीत लिहून घेतला. मी समोर बसून आमटी भुरकत होतो.

चार दिवसांनी तो गेला. मोडकी रॅकेट टाकून दे म्हटलं, तर नको म्हणाला, सोबत घेतली. आईने लाडवांचा डबा दिला.

त्यानंतर आईने ही गोष्ट पालेगावभर केली. हळदीकुंकवाला, भिशीला, खाली भाजीवाल्यासमोर. "घरचा पाहुणा, पण आमच्या मनूने पंचासमोर खरं तेच सांगितलं. पाहुणा हरला, पण हा खोटं बोलला नाही." मी किती वेळा म्हणालो, आई, पुरे. तर लोक म्हणायचे, बघा किती साधा माणूस. काय करावं अशा लोकांचं? नको म्हटलं की आणखी मोठा करतात. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भरदिवसा हॅलोजन लावलेला असायचा, पण बाहेर कुणाला काही दिसायचं नाही. तीन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा बाराव्यालाही कुणीतरी हीच गोष्ट काढली. मी ताटाकडे बघत राहिलो.

एक परसूभाई तेवढे कधी ही गोष्ट काढत नाहीत. मी दुकान उघडलं की "राम राम, भाऊ" म्हणतात आणि बटणांचे खोके उतरवायला लागतात. त्यांना आठवतं की नाही, मला माहीत नाही. विचारायची हिंमत नाही.

मी स्वतःला काय काय सांगून बघितलं आहे, तेही ऐका. की तो पॉइंट तो तसाही हरला असता. की जिंकला असता तरी पुढे काय होणार होतं, एवढ्याशा देशाचा खेळाडू. की रेफरींनी मला विचारायलाच नको होतं. की फ्रेम जुनी होती. हे सगळं म्हणून झालं आहे, प्रत्येक गोष्ट शंभर वेळा. यातल्या एकाही गोष्टीने दुसऱ्या रॅकेटवरच्या टेपचं काय करायचं ते सांगितलं नाही.

तात्या होडीवर लागला नाही. तिथल्या मुलांना शिकवायला लागला, त्याच पोलिस चौकीमागच्या कोर्टावर. लग्न झालं, मुलगी झाली. दर नवीन वर्षाला मला निरोप पाठवतो. दर वेळी तेच — दादा, त्या दिवशी तू माझा भाऊ असूनही खरं बोललास, म्हणून मला माझा राग दिसला. दर वर्षी मी हात जोडल्याचं चित्र पाठवतो. शब्द लिहावा लागत नाही म्हणून चित्र. वडिलांचीही त्याने माफी मागितली होती म्हणे, सगळ्या गावासमोर, की देशाचा पहिला पॉइंट मी माझ्या रागाने घालवला. सांगा, मी ज्या माणसाला ओळखत होतो त्याला राग यायचाच कुठे? एक चेंडू वालात मारला, तेवढाच काय तो.

गेल्या आठवड्यात त्याने व्हिडिओ पाठवला. मुलांचं शिबिर. कोर्टाच्या भिंतीवर ती मोडकी रॅकेट खिळ्याला टांगलेली आहे. टेप अजून तशीच, जराही सुटलेली नाही, मी चांगली दाबली होती. पंधरा-वीस मुलं जमिनीवर बसली आहेत, तात्या रॅकेटकडे बोट दाखवून त्यांच्या भाषेत काहीतरी सांगतोय, आणि मग विचारतो, बहुधा, हे कशामुळे झालं? सगळी मुलं एका सुरात ओरडतात, "राग!" आईचा शब्द. समुद्रापलीकडची ती मुलं, आईच्याच ठेक्यात, कपाळावर बोट आपटून.

पुढे खेळ दाखवला आहे. त्याची मुलगी खेळते आहे, आठ-नऊ वर्षांची असेल. वाळू उडतेच आहे तिथे, बुटांत अडकतेच आहे. एक पॉइंट ती हरली. तिने पाय उचलला, रॅकेट बुटापाशी नेली — अगदी बापासारखी — आणि मध्येच थबकली. घाबरून बापाकडे बघितलं. रॅकेट हळूच खाली घेतली, बोटाने बुटातली वाळू काढली. तात्या म्हणाला, "गुड."

तो व्हिडिओ मी किती वेळा बघितला ते सांगत नाही. खाली त्याने लिहिलं होतं, हे सगळं तुझ्यामुळे, दादा. मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

रॅकेट आधीच मोडलेली होती. मी मोडली होती आणि मला माहीत होतं. त्याने फक्त बुटाला टेकवली. एवढंच सांगायचं होतं, आणि हे एवढं मी त्यालाच फोनवर लिहू शकलो असतो. मी ते इथे लिहिलं आहे, मराठीत. त्याला मराठीतले दोनच शब्द येतात. एक दादा, आणि दुसरा राग.